व्रण, सौंदर्य आणि अमानत

तीन मुलांची आई असलेल्या एका भगिनीने संकोचत विचारलेला प्रश्न या लेखनाचे निमित्त आहे. बाळंतपणे झाली, पुढे वजन पुष्कळ उतरले आणि स्तन ओघळले. उन्हाळ्यात खालच्या घडीत घाम साचून त्वचा सोलवटते, आरशासमोर उभे राहवत नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या तीन पद्धती सांगितल्या. ‘कोणत्या पद्धतीत व्रण सर्वांत कमी राहील?’ एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. उठताना मात्र ती हळूच म्हणाली, ‘आणि हे अल्लाहला आवडेल का?’

वरवर पाहता पहिला प्रश्न डॉक्टरांचा आणि दुसरा आलिमांचा आहे. थोडा विचार केला, तर या दोन प्रश्नांची मुळे एकमेकांत गुंतलेली दिसतात.

आधी व्रणाविषयी. स्तन उचलून धरण्याच्या शस्त्रक्रियेत सैल झालेली त्वचा कापून काढतात आणि उरलेल्या भागाला नवा आकार देतात. पहिल्या पद्धतीत छेद केवळ स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने जातो. व्रण लपतो, परंतु उचल थोडीच मिळते. ओघळ अधिक असताना हीच पद्धत वापरली, तर वर्तुळ ताणून रुंदावते आणि आकार चपटा होतो. दुसऱ्या पद्धतीत वर्तुळापासून खालच्या घडीपर्यंत एक उभी रेषा वाढते. तिसऱ्या पद्धतीत घडीलगत एक आडवी रेषाही येते आणि व्रण नांगराच्या आकाराचा होतो. त्वचा फार सैल असेल, तेव्हा बहुधा हीच पद्धत उपयोगी पडते. व्रण सुरुवातीला लालसर व जाड असतो. तो फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि तो पूर्णपणे कधीच जात नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणारा जाड व्रण, होण्याचा धोका अधिक असतो. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे स्तनपानात अडचण येऊ शकते आणि पुन्हा गर्भधारणा झाल्यास ओघळही परत येऊ शकतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. छेद जितका लहान, तितकी सुधारणाही लहान. मिळालेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत शरीरच चुकवते. म्हणून खरा प्रश्न असा की, ही किंमत कशासाठी मोजायची?

दिव्य कुरआनात सूरह अन्-निसाच्या ११९व्या आयतीत अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावणे, हा सैतानाचा डाव असल्याचे सांगितले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या सुप्रसिद्ध रिवायतीत गोंदणाऱ्या, भुवया उपटणाऱ्या आणि केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्या स्त्रियांचा कठोर निषेध आला आहे. दुसरीकडे हजरत अरफजा (रजि.) यांची घटना आहे. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असताना ही मुभा मिळाली. गमावलेले परत मिळवणे आणि दिलेल्यावर नाराज होऊन ते बदलणे, यांतील अंतर या दोन उदाहरणांतून कळते.

आपल्या पूर्वसूरींनी शस्त्रालाच पाप मानले नाही. कुर्तुबाचे थोर शल्यविशारद अज्-जहरावी यांनी ‘अत्-तस्रीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात पुरुषांच्या अवाजवी वाढलेल्या स्तनांवरील शस्त्रक्रियेचेही वर्णन केले आहे. आपल्या काळात, २००७ साली मलेशियातील पुत्राजाया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने हाच भेद पुढे नेला. जन्मजात वा नंतर आलेले व्यंग दूर करणे, अवयवाला त्याचे मूळ रूप वा कार्य परत देणे आणि शारीरिक वा मानसिक पीडा देणारी विरूपता घालवणे, यांस मुभा आहे. निरोगी शरीर केवळ हौसेखातर वा दुसऱ्यांच्या अनुकरणाने बदलण्यास ती नाही. मुभा असली तरी लाभापेक्षा हानी मोठी नसावी आणि कमी हानीचा दुसरा उपाय शिल्लक नसावा.

मग या भगिनीचे काय? सोलवटणारी त्वचा ही खरी पीडा आहे. तिच्यावर औषध, योग्य आधार देणारी अंतर्वस्त्रे हे उपाय आधी करून पाहावेत. वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा हाही शरीराला सोसावा लागलेला बदल आहे. परंतु मातृत्वाने शरीर सैलावणे हे व्यंग नव्हे. सूरह लुकमानमध्ये आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसून मूल वाढवल्याची आठवण करून दिली आहे, ती तिच्या सन्मानासाठी. येथे एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात, असे समजून काही माता लवकर दूध तोडतात. वास्तविक वय, गर्भारपणांची संख्या, वजनातील चढउतार आणि धूम्रपान ही त्याची कारणे आहेत, स्तनपान नव्हे. या भीतीपोटी बाळाचा हक्क हिरावला जाऊ नये.

व्रणाची चिंता येथेच उपयोगी पडते. सिझेरियनचा व्रण पोटावर वागवणारी आई त्याबद्दल हळहळत बसत नाही, कारण तो कशासाठी आला हे तिला ठाऊक असते. गरज खरी असेल, तर व्रण सोसवतो. गरज खरी नसेल, तर कोणताही व्रण पुरेसा लहान वाटत नाही. एका नकोशा खुणेच्या जागी दुसरी येते आणि आरशाशी भांडण चालूच राहते. म्हणून त्या भगिनीने स्वतःला विचारावे : हा व्रण कायम दिसणार असेल, तरीही मला ही शस्त्रक्रिया हवी आहे काय? अर्थात व्रणाची भीती म्हणजे केवळ दिखाऊपणा नव्हे. केलॉइडची भीती ही हानीची रास्त भीती आहे आणि हानी टाळणे हा शरीअतचा मान्य सिद्धांत आहे.

उत्तर ‘होय’ आले, तर पद्धत व्रणाच्या लांबीवरून नव्हे, शरीराच्या गरजेवरून निवडावी. लहान छेदाच्या मोहाने अपुरी शस्त्रक्रिया करून पुन्हा टेबलावर जाणे शहाणपणाचे नाही. शक्यतो स्त्री-शल्यविशारद पाहाव्यात, केलॉइडचा पूर्वेतिहास लपवू नये, आणखी मूल हवे असेल तर थांबावे आणि खर्चासाठी व्याजाच्या हप्त्यांत अडकू नये. डॉक्टरांवरही जबाबदारी आहे. धोके पूर्ण सांगणे ही त्यांच्याकडील अमानत आहे.

शेवटी बांधवांना एक विनंती. ही गोष्ट पुष्कळदा पतीच्या एका उपहासाच्या शब्दाने सुरू होते. कुरआनने पती-पत्नीला एकमेकांचा पोशाख म्हटले आहे. पोशाख झाकतो, उघडे पाडत नाही. ज्या शरीराने आपली मुले वाढवली, त्याची थट्टा करणाऱ्याने आधी स्वतःच्या जिभेची काळजी घ्यावी. त्या भगिनीला तिच्या घरी आदराचे दोन शब्द मिळाले, तर शस्त्रक्रिया करायची की नाही, हे ती अधिक मोकळ्या मनाने ठरवू शकेल.

अल्लाह आपल्या सर्वांना शरीर हे त्याची अमानत म्हणून जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.