शेजारी हा शत्रूच का?



गेल्या कार्तिकीच्या आधी मुलुंडला एका सप्ताहात कीर्तनसेवा होती. आरती झाली, पसायदान झाले, मंडळी पांगली. एक गृहस्थ मात्र मांडवात बसून राहिले. मी वीणा ठेवीपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, “महाराज, एक शंका आहे. सर्व जीवांची एकमेकांशी मैत्री जडो, असे मी रोज मागतो. 2008 च्या नोव्हेंबरात बोरीबंदरला गाडीची वाट पाहता पाहता आमच्या घरचा माणूस गेला. मारणारे शेजारच्या देशातून आले होते. त्यांच्याही मैत्रीसाठी मी हात जोडायचे का? जोडले तर मन मानत नाही, न जोडावे तर रोजचे पसायदान खोटे पडते.”

चाळीस वर्षे कीर्तने केली, पण त्या घटकेला मला उत्तर सुचले नाही. विचार करून मासिकात लिहीन, एवढे सांगून निघालो. तेच लिहावयास बसलो आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. 1999 साली कारगिलची लढाई चालू होती. घाटकोपरला कीर्तन होते. निरूपणाच्या ओघात मी शेजाऱ्यावर घसरलो. तिकडची माती, तिकडचे लोक, तिकडचे पोर न् पोर, सगळ्यांचा उद्धार केला. टाळ्या अशा पडल्या की मृदंग ऐकू येईना. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढले, खोटे कशाला बोलू? कीर्तन आटोपल्यावर टाळकऱ्यातला आठ-नऊ वर्षांचा एक पोर विचारतो, “बुवा, तिकडची मुलं जन्मतःच वाईट असतात का?” मी त्याला प्रसाद दिला आणि वाटेला लावले. तो प्रश्न अजून मजजवळ तसाच पडून आहे.

शास्त्र काय म्हणते ते पाहू. पाठशाळेत कौटिल्याचे अर्थशास्त्र आमच्या परीक्षेला नव्हते, पण आमचे गुरुजी दुपारी आडवे पडले की ते मोठ्याने वाचायला लावीत. त्यात कौटिल्य स्पष्ट सांगतो की, ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो राजा ‘अरि’ आणि त्याच्या पलीकडचा तो ‘मित्र’. म्हणजे शेजार हेच वैराचे कारण! राजकारणी लोक हे वचन फार आवडीने सांगतात. पण पुढचे पान ते उलटीत नाहीत. तोच कौटिल्य राजनीतीचे सहा गुण सांगताना संधीला पहिले स्थान देतो, आणि संधी व विग्रह यांचे फळ सारखेच असेल तर संधीच करावी असे म्हणतो. कारण विग्रहात माणसे जातात, पैसा जातो, घरदार सोडून परमुलुखात राहावे लागते. हे काही संताचे बोलणे नव्हे, पक्क्या हिशेबी माणसाचे आहे.

आता त्या गृहस्थांच्या शंकेकडे येऊ. पतंजली चित्त प्रसन्न राहावे म्हणून चार भावना सांगतात. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि पापी माणसाविषयी उपेक्षा. नीट पाहा, पाप्याशी मैत्री करा असे योगशास्त्रही म्हणत नाही. उपेक्षा म्हणजे त्याला मोकळा सोडणे असेही नाही. शासन करणे हा राजधर्म आहे, आणि जिवंत सापडलेल्या एकाला 2012 साली फाशी झाली. सीमेवर पहारा करणाऱ्या जवानाला कोणी उद्या येऊन अहिंसा शिकवू लागला तर मी त्याच्या बाजूचा नव्हे. उपेक्षा म्हणजे त्या पाप्याला आपल्या चित्तात बिऱ्हाड करू न देणे.

मग मैत्री कोणाशी? त्या दहा जणांशी नव्हे. पण त्या दहांच्या मागे एक अख्खा देश आहे. त्यात लेकरू आजारी पडलेली आई आहे, पीक बुडालेला शेतकरी आहे, शाळेत जाणारे पोर आहे. ही सारी पतंजलींच्या पहिल्या दोन भावनांची माणसे. घाटकोपरला मी चुकलो ते इथे. दहा जणांचे पाप मी कोट्यवधींच्या माथी मारले आणि ते एका लहान पोराच्या कानात घातले.

माउली तर पतंजलींच्याही एक पाऊल पुढे जातात. दुष्ट मरोत असे त्या मागत नाहीत. दुष्टांच्या मनातली वाकडी वळणे गळून पडोत, असे मागतात. पण वाकडेपण गळावे कसे? मागण्याबरोबर काही करावे लागेलच ना?

मुलुंडला फाळणीनंतर सिंधी, पंजाबी निर्वासितांची वसाहत झाली हे इकडच्या लोकांना ठाऊक आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथले एक वृद्ध सिंधी सद्गृहस्थ कीर्तनाला येत. कराचीत घर, दुकान सोडून 1947 साली लहानपणी आलेले. एकदा मला म्हणाले, “महाराज, मी तुमच्या मराठी माणसाच्या शाळेत शिकलो.” मला उलगडा होईना. मग कळले, नारायण जगन्नाथ हायस्कूल! सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. नारायण जगन्नाथ वैद्य हे तिथे शिक्षण खात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर होते, सिंधी लिपीच्या सुधारणेचे कामही त्यांनी केले. 1855 साली निघालेली ती सिंधमधली पहिली सरकारी शाळा, तिला त्यांचे नाव मिळाले. फाळणी झाली, युद्धे झाली, रस्त्यांची नावे बदलली, बंदर रोडचा जिन्ना रोड झाला. शाळेवरचे नाव राहिले. त्या गृहस्थांना घर गेल्याचे दुःख शेवटपर्यंत होते, पण गणित शिकवणाऱ्या आपल्या मुसलमान मास्तरांचे नाव घेताना ते कानाला हात लावीत.

कोणी म्हणेल, बुवा, ते दहा जण नावेत बसले तेही कराचीलाच. शाळेचा काय उपयोग झाला? खरे आहे, याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. पण जो सापडला तो लहानपणीच शाळा सोडलेला होता. नंतर त्याला शिक्षण मिळाले नाही असे थोडेच आहे? मिळाले. कोणाला मारायचे ते मिळाले.

आणि नुसती शाळा म्हणजे शांती असेही नाही. फ्रान्स आणि जर्मनी हे शिकलेसवरलेले शेजारी. 1870, 1914 आणि 1939, असे सत्तर वर्षांत तीनदा लढले. दोघांच्या शाळांत पोरांना पलीकडचा वैरी हाच धडा होता. मग 1963 साली द गॉल आणि आडेनौअर यांनी करार केला आणि त्याच वर्षी दोन्हीकडच्या तरुणांच्या जाण्यायेण्यासाठी स्वतंत्र कचेरी काढली. 2006 साली तर दोन्ही देशांनी मिळून शाळेसाठी इतिहासाचे एकच पुस्तक तयार केले. ज्या लढाईत आजोबा मेले तिचा धडा नातवंडे एकाच पुस्तकातून वाचू लागली! आपल्याकडे हे उद्या होईल असे मी म्हणत नाही. त्यांनाही आधी तोफा थांबवाव्या लागल्या.

पण आपल्याला हे परके वाटू नये. नामदेवराय पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची 61 पदे ग्रंथसाहेबात आहेत, म्हणजे कर्तारपूरलाही आपले नामदेव वाचले जातात. तिथे जाण्याचा रस्ता 2019 साली उघडला आणि 2025 च्या मे महिन्यात तोफा सुरू झाल्या तसा बंद केला गेला. घरच्या घरी पाहायचे तर बेळगावचा वाद 1956 पासून चालू आहे, तरी कानडी मुलखातल्या दिंड्या पंढरीला येतातच, आणि चंद्रभागेत त्यांना कोणी राज्य विचारीत नाही.

तेव्हापासून बोरिवलीच्या आमच्या मंदिरात रविवारी मुलांचा हरिपाठ घेतो तेव्हा एक नेम पाळतो. पराक्रम सांगायचा, शिवरायांचा सांगायचा, जवानांचा सांगायचा. पण ‘तिकडचे सगळे’ हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. दोनदा गेला. मुलांनीच टोकले.

परवा मुलुंडला पुन्हा सेवा होती. ते गृहस्थ आले होते. पसायदानाला उभे राहिले. मैत्रीच्या त्या ओळीशी त्यांचा आवाज बंद पडला, डोळे मिटलेले. पुढच्या ओवीला पुन्हा आला. मी त्यांना काही विचारले नाही. जाताना त्यांनी बुक्का लावून घेतला आणि म्हणाले, “मासिकात येईल तेव्हा वाचीन.”