बाळाची किडनी आणि गतजन्मीचे कर्म



जन्माच्या वेळी बाळाला ऑक्सिजन कमी पडला आणि डॉक्टरांनी किडनीला इजा झाल्याचे सांगितले, की कोणीतरी नातेवाईक फोनवर म्हणतोच, "गतजन्मीचे भोग, दुसरे काय!" परदेशात एकट्या पडलेल्या आईला हे शब्द फार लागतात. एका दिवसाच्या बाळाला कसली शिक्षा? याचे उत्तर आपण बौद्धांनी द्यायला हवे.

आधी शरीरात काय घडते ते पाहा. ऑक्सिजन कमी पडला की बाळाचे शरीर रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवते. किडनीच्या वाट्याचे रक्त घटते, तिच्या पेशी दुखावतात. लघवी होत असली तरी इजा असू शकते. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या रक्तातले क्रिएटिनीन बरेचसे आईकडून आलेले असते, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. यात कारण आहे, परिणाम आहे. शिक्षा कुठेच नाही. हाच प्रतीत्यसमुत्पाद.

संयुत्त निकायात मोळियसीवकाने हाच प्रश्न विचारला आहे : माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच का? भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी अनेक कारणे सांगितली आणि सारे पूर्वकर्मावर टाकणे चूक ठरवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब आणखी पुढे गेले. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत समाजाला दीनदुबळ्यांच्या जबाबदारीतून मोकळे करतो, हे त्यांनी दाखवले.

तुम्ही म्हणाल, मग दोष कोणाचा? कारण शोधणे म्हणजे गुन्हेगार शोधणे नव्हे. कधी वार आधीच सुटते, कधी नाळ दाबली जाते. तिथे कोणाचाच दोष नसतो. कधी मदतीला उशीर झालेला असतो. तिथे रुग्णालयाला जाब विचारण्याचा आईवडिलांना हक्क आहे. 'भोग' म्हटले की दोन्ही वाटा बंद होतात आणि आई मात्र स्वतःलाच दोषी मानत राहते.

कर्म आहे, पण ते आजचे आहे. पाणी आणि औषधे मोजून देणारी नर्स ते करते. अनेक बाळांची किडनी सावरते. पण नष्ट झालेले नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून बाळ घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत रक्तदाब आणि लघवी तपासून घेणे, हे आईवडिलांचे कर्म. आणि आपले? अशा घरी डबा पोहोचवा, थोरल्या मुलाला शाळेतून आणा, आणि फोनवर 'भोग' हा शब्द आला तर तिथल्या तिथे थांबवा.

नमो बुद्धाय, जय भीम.