तीन पडदे आणि एक अप्पा

आमच्या सोसायटीत ज्याला वायफायचा पासवर्ड पाठ आहे, तो तंत्रज्ञ समजला जातो. त्यामुळे गणपतीतल्या कार्यक्रमाला 'यंदा स्टेजवर तीन व्हिडिओ पडदे' असं सेक्रेटरींनी जाहीर केलं, तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरींनी ते पडदे कुठल्याशा लग्नात पाहिले होते. लग्नात पाहिलेलं माणसाला घरी आणावंसं वाटतं, हा अनुभव आपणा सर्वांना आहेच.

तीन पडदे म्हणजे तीन प्रोजेक्टर. आमच्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागे, म्हणजे आठ फुटी पडद्याला बारा फूट. आता बारा फुटांवर प्रोजेक्टर ठेवला की मध्ये नट येतो आणि त्याची सावली पडद्यावर त्याच्यापेक्षा चांगला अभिनय करते. पडद्यामागून चित्र टाकावं, तर मागे बारा फूट सोडा, दोन फुटांवर भिंत. शेवटी प्रोजेक्टर उंच पाइपाला टांगून खाली वाकवले. मग चित्र वर अरुंद, खाली रुंद. आमच्या नृत्याच्या बाई थेट घागऱ्यात उभ्या असल्यासारख्या! ते चित्र 'कीस्टोन' नावाच्या सोयीने चौकोनी केलं.

तिन्ही पडदे एकदम दिसावेत म्हणून मी माझं टेबल प्रेक्षकांच्या पार मागे, साठ फुटांवर टाकलं. साधी एचडीएमआय वायर इतक्या लांब भरवशाची नाही, म्हणून सिग्नल नेटवर्कच्या केबलवरून नेला. पहिल्या तालमीला 'डुप्लिकेट' आणि 'एक्स्टेंड' यांत गोंधळ होऊन माझा अख्खा डेस्कटॉप तिन्ही पडद्यांवर गेला. त्यात 'सासुरवाडीची देणी' नावाचं एक फोल्डर होतं. ही पहिल्याच रांगेत बसली होती. जास्त सांगत नाही.

खरं भांडण झालं ते दिवेवाल्याशी. स्टेजवर उजेड पडला की पडदा फिका पडतो. त्याचं म्हणणं, माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. मी म्हटलं, "अरे, तोंड मागे आठ फुटी दिसतंय की!" तो म्हणाला, "साहेब, मग माणूस कशाला आणलाय?"

हा प्रश्न जुनाच आहे. कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 मध्ये 'शांबरिक खरोलिका' काढली. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, आणि पडद्यावर गोष्ट. 1958 मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात योसेफ स्वोबोदा आणि आल्फ्रेड राडोक या चेकोस्लोव्हाकियाच्या मंडळींनी 'लातेर्ना मागिका' दाखवली, तेव्हा जिवंत नट आणि फिल्म एकत्र खेळले. त्यातली गोम अशी की फिल्म कुणासाठी थांबत नाही. नटालाच तिच्या पावलावर पाऊल टाकावं लागतं. मशीनला वाट बघता येत नाही, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तर तिसऱ्या मजल्यावरचे अप्पा. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त. गेली तीस वर्षं आमच्या गणपतीत 'नटसम्राट'मधलं स्वगत करतात. गेल्या वर्षी त्यांना डोक्यात लहानसा झटका येऊन गेला. चालणं-बोलणं ठीक, पण मध्येच एखादा शब्द हातचा निसटतो. त्यांची सून एका संध्याकाळी हळूच येऊन बसली. "काका, अप्पा सगळ्यांसमोर अडकले तर? घरी येऊन फार मनाला लावून घेतील हो."

मला एकदम कल्पना सुचली. वाईट कल्पना नेहमी एकदमच सुचतात. आम्ही अप्पांचं स्वगत घरी रेकॉर्ड केलं, चार दिवस, तुकड्यातुकड्यांनी. "आठवण म्हणून" असं त्यांना सांगितलं. त्याचे सहा भाग करून लॅपटॉपच्या सहा कळांना लावले. अप्पा जिथे अडकतील, तिथली कळ मी दाबायची. दिवे मंद, आणि पडद्यांवरचे अप्पा पुढे बोलू लागतील. अप्पांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

प्रयोगाला अप्पा उभे राहिले. सुरुवात झकास. चौथ्या भागात ते थांबले. मी मोजू लागलो. एक. दोन. तीन. दाबावी की दाबू नये? साठ फुटांवरून मला त्यांची पाठीमागची तीन रिकामी चौकटं दिसत होती, डोळे दिसत नव्हते. पाच. विंगेतून सुनेने हात हलवला. मी कळ दाबली.

तीन अप्पा एकदम बोलू लागले. अंधारात उभ्या चौथ्या अप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि ते शेवटपर्यंत पाहातच राहिले. टाळ्या अशा पडल्या, की तीस वर्षांत पडल्या नसतील. लोकांना वाटलं, ही दिग्दर्शकाची करामत!

कार्यक्रम संपल्यावर अप्पा माझ्या टेबलाशी आले. "छान केलंस रे," म्हणाले. मग जरा वेळाने, "मला वाटतं, मी थांबलो होतो. तिथे थांबायचंच असतं."

"अप्पा, चुकलंच माझं. मला वाटलं, विसरलात."

"विसरलोही असेन. पण ते मलाच बघायचं होतं ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कळ दाबली नसती आणि अप्पा खरोखरच अडकून तीनशे माणसांसमोर उभे राहिले असते, तर सुनेला मी काय तोंड दाखवलं असतं? तिचं चुकलं असं आजही मला म्हणवत नाही. पण तो विराम होता की विसर, हे आता कधीच कळणार नाही. मला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे अप्पांनाही नाही. पडणाऱ्याला सावरणं ही मदत. पण पडतो की नाही हे आजमावायला जो निघालाय, त्याला आधीच उचलून घेतलं, तर ती मदत नव्हे. आणि लांबून ही दोन्ही माणसं अगदी सारखी दिसतात.

जुन्या नाटकांत विंगेत प्रॉम्प्टर असे. वही हातात, पण नजर नटाच्या डोळ्यांवर. थांबलेला डोळा वेगळा आणि शोधणारा डोळा वेगळा, हे त्याला चार हातांवरून कळत असे.

पुढच्या गणपतीत अप्पांना पुन्हा उभं राहायचंय. मी त्यांना सरळ विचारलं, "अप्पा, मी वही घेऊन विंगेत बसू? पण सांगायचं केव्हा?"

"मी तुझ्याकडे बघेन तेव्हा."

इतकं सोपं होतं. आधी विचारायचं तेवढं राहिलं होतं. तीन पडद्यांचं भाडं वाचतंय, म्हणून सेक्रेटरीही खूश आहेत.