तोटा कोणत्या रंगाने सोसायचा?

छापखान्यात आर्टवर्क पाठवताना जी पथ्यं पाळावी लागतात, त्यांतली बहुतेक निर्विवाद असतात. चित्र छपाईच्या आकारात ३०० डीपीआयचं हवं. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड हवं, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी कड राहते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. तो चार शायांत गेला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की अक्षरांना रंगीत सावली येते. यात मतभेदाला जागा नाही. आरजीबी फाइलचं सीएमवायके करणं हे मात्र या यादीतलं वेगळं कलम आहे. तिथे प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही, न्यायाचा होतो.

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश थेट डोळ्यांत सोडतो. कागद स्वतः उजळत नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्याला दिसतो. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा, पोपटी किंवा पेटता नारिंगी चार शायांच्या आवाक्याबाहेर राहतो. काहीतरी गमावणार हे नक्की. कोणी गमावायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

१९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमच्या मानकात यासाठी चार पर्याय आहेत. छायाचित्रांसाठी आणि चित्रांसाठी त्यांतले दोन नेहमी वापरले जातात. पहिला, पर्सेप्च्युअल: सगळेच रंग थोडेथोडे मागे सरतात आणि त्यांच्यातलं परस्परांचं अंतर टिकतं. दुसरा, रिलेटिव्ह कलरिमेट्रिक: कागदाचा पांढरेपणा धरून, जे रंग छापता येण्याजोगे आहेत ते जिथल्या तिथे राहतात, बाहेरचे तेवढे हद्दीवर आणून बसवले जातात. समजा, चित्रात पोपटी पदर आहे आणि त्यावर किंचित गडद पोपटी बुट्टे. दुसऱ्या पद्धतीत भिंत, जमीन, चेहरा जसेच्या तसे उतरतील, पण पदर आणि बुट्टे जवळजवळ एकाच हिरव्यावर येतील. विणकाम नाहीसं होईल.

बहुसंख्य रंग सुरक्षित राहिले म्हणून ही पद्धत बरी म्हणायची का? कालव्याला पाणी कमी असताना वरच्या शेतांना पूर्ण पाळी द्यायची आणि शेपटाकडच्यांना कोरडं ठेवायचं, यातही बहुसंख्य सुखीच असतात. पण सर्वांनी थोडं सोसावं हा नियमही सरसकट न्याय्य नाही. जो रंग बिनचूक छापता आला असता, त्याला शेजाऱ्यासाठी बदलावं लागतं. चित्राचा जीव पदरात असेल तर एक उत्तर, चेहऱ्यात असेल तर दुसरं. म्हणजे आधी चित्र कशाबद्दल आहे हे ठरवावं लागतं, आणि ते सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. आपण काही निवडलं नाही तर आधीपासून सेट केलेला पर्याय लागू होतो. निर्णय तेव्हाही होतोच, फक्त त्याची जबाबदारी घ्यायला कोणी नसतं.

चेहऱ्याच्या बाबतीत ही जबाबदारी जास्त जड होते. सावळ्या त्वचेच्या छपाईत मजेंटा-पिवळ्याबरोबर सायन आणि काळ्याचाही वाटा असतो. शाई शोषणाऱ्या कागदावर ठिपके पसरतात, गडद भाग आणखी गडद होतो. म्हणून मधल्या छटा थोड्या उजळून देणं ही रास्त दुरुस्ती आहे. पण अगदी त्याच कर्व्हने, माउसच्या त्याच हालचालीने माणूस गोराही करता येतो. लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या लेखकापर्यंत तो केला जातो, आणि त्याला ‘करेक्शन’ म्हटलं जातं. दोन्हींतला फरक ओळखायला एक साधी कसोटी पुरते: याच कारणासाठी शेजारचं शिसवी कपाट आणि काळे केसही उजळले का? उजळले असतील, तर दुरुस्ती कागदाची होती. एकटा चेहराच सिलेक्ट केला असेल, तर बहुधा दुरुस्ती माणसाची झाली.

यावर ग्राहकाचा होकार असतो, असं उत्तर मिळतं. पण होकार कशाला? मोबाइलवर आलेली पीडीएफ पाहून ‘ओके’ लिहिणारा पुन्हा पडद्यावरचा प्रकाशच पाहत असतो. जे त्याला दिसलेलंच नाही, त्याला त्याची संमती कशी? ठरलेल्या कागदाच्या हिशेबाने काढलेला रंगीत प्रूफ महाग पडतो, वेळ खातो, दिवाळी तोंडावर आली की पहिली काट त्यालाच लागते. पण तोटा आधी, उघडपणे दाखवण्याची तीच एक जागा असते.

राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या लिथो छापखान्यात एका चित्राचे रंग वेगवेगळ्या दगडांवर विभागून उतरवायला कारागीर लागत. कुठला रंग किती ठेवायचा हे त्यांचे हात ठरवत. आता ते हात एका मेनूच्या आत गेले आहेत. मूळ चित्राशी शंभर टक्के प्रामाणिक राहणं तेव्हाही शक्य नव्हतं, आजही नाही. पण कोणता रंग सोडला आणि का, असं चित्रकाराने किंवा चित्रातल्या माणसाने विचारलं, तर फाइल तयार करणाऱ्याकडे उत्तर असायला हवं. ‘मशिनने केलं’ हे ते उत्तर नव्हे.