माणूस मुळात चांगला की वाईट?

मनुष्यस्वभावावरचा प्राचीन चीनमधला गाजलेला वाद कन्फ्यूशियसच्याच परंपरेत झाला. इ.स.पू. चौथ्या शतकातील मेंशियसच्या मते माणूस मुळात चांगला असतो. त्याचा दाखला विहिरीत पडू पाहणाऱ्या मुलाचा. ते पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होते. मुलाच्या आईबापांची मर्जी किंवा लोकांची वाहवा मिळवण्याचा विचार तेव्हा मनात नसतो. मात्र प्रत्येक जण वाचवायला धावतोच, असे मेंशियस म्हणत नाही, आणि ही सावधगिरी महत्त्वाची आहे. करुणा, लाज, विनय आणि योग्यायोग्याची जाण हे त्याच्या लेखी केवळ अंकुर; मशागत झाली नाही तर ते सुकतात.

पुढच्या शतकातील श्युन्झीने हे साफ नाकारले. माणूस जन्मतः लाभाच्या मागे धावतो, मत्सर करतो. वाकडे लाकूड वाफ देऊन सरळ करावे, तसे गुरू आणि विधी त्याला वळण लावतात. गंमत म्हणजे शिक्षणावाचून गत्यंतर नाही, हे दोघांनाही मान्य होते. श्युन्झीचे निरीक्षण अधिक रोखठोक. पण पहिला गुरू चांगला कसा झाला, याचे त्याचे उत्तर लंगडे पडते. पुढे इ.स.च्या बाराव्या शतकात कन्फ्यूशियन विचारवंत चू शीने मेंशियसचा ग्रंथ या परंपरेच्या ‘चार ग्रंथां’त घेतला आणि १३१३ मध्ये ते सरकारी परीक्षांसाठी नेमले गेले. श्युन्झीला ते स्थान मिळाले नाही.