औषध कोणासाठी?

आपल्या हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूत आपल्या आजी-पणजीच्या काळी घरोघर होती. ज्यांच्या घरात सोन्याचा मणी नव्हता, त्यांनाही तिची धास्ती होती. धम्म स्वीकारल्यावर आपण ही भीती टाकून दिली, हे योग्यच झाले. सोन्याच्या मांजराने मेलेल्या मांजराचे काही भले होत नव्हते. भले होत असेल तर ते दान घेणाऱ्याचे. परंतु भीती गेल्यावर तिच्या जागी आपण काय आणले? याची परीक्षा विहारात होत नाही. ती घरात, कोपऱ्यात पडून राहिलेल्या आजारी जनावरापाशी होते.

सदरमधील आमच्या शाळेत आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, आमची मनी फार आजारी आहे. डॉक्टर म्हणाले दोन्ही किडन्या खराब झाल्या. आई म्हणते, औषध चालूच ठेवायचे, आपण बौद्ध आहोत. बाबा म्हणतात, तिचे हाल थांबवा, आपण बौद्ध आहोत. मग खरे कोणाचे?"

वाचक बंधुभगिनींनो, प्रश्न मांजराचा आहे म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने जगण्याचा आणि मरणाचा निर्णय घेणे, यापेक्षा कठीण नैतिक प्रश्न साध्या संसारात क्वचितच येतो.

प्रथम रोग समजून घेऊ. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा विकार नेहमी आढळतो. मांजर पाणी फार पिते, लघवी फार करते, खाणे सोडते, वाळत जाते. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती गेलेली असते, आणि गेलेला भाग पुन्हा तयार होत नाही. म्हणजे औषधाने हा जुना विकार बरा होत नाही. पण कातडीखाली दिलेले सलाईन, मळमळ थांबवणारे औषध, रक्तदाबाची गोळी आणि योग्य आहार यांच्या बळावर पुष्कळ मांजरे कित्येक महिने, काही तर कित्येक वर्षे बऱ्यापैकी सुखाने जगतात. तेव्हा रोगाचे नाव ऐकताच हात टेकणे हेही अज्ञानच होय.

हे मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपू द्यावेत, असे सांगणारे शेजारी अजून भेटतात. हे स्पष्ट नाकारले पाहिजे. याच युक्तिवादाने आपल्या वाडवडिलांचे दुःख शेकडो वर्षे न्याय्य ठरवले गेले. जो विचार माणसाच्या बाबतीत खोटा ठरला, तो मांजराच्या बाबतीत खरा कसा होईल? दुःखाला कारण असते, ते शोधायचे असते आणि शक्य तेवढे दूर करायचे असते.

जनावराला औषधपाणी करणे हा श्रीमंतांचा शौक आहे असेही कोणी म्हणतात. त्यांनी सम्राट अशोकाची आठवण ठेवावी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नोंदवले. आपल्या विदर्भातही, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे, प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा प्राचीन ब्राह्मी लेख सापडला आहे.

मग आईचेच खरे का? थांबा. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला परिस्थिती पाहून विचार करण्याची मोकळीक देते, आणि त्याबरोबर जबाबदारीही देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी दाखवले. मग मांजराच्या बाबतीत खरी गरज कोणती, आणि गरजेचा मुखवटा घातलेली आपली सोय कोणती, हे आपणच तपासले पाहिजे.

या देशात असा वाद पूर्वी जाहीरपणे झाला आहे. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. उपाय नाही असे ठरल्यावर गांधीजींनी डॉक्टरकडून विषारी इंजेक्शन देववून त्याचे जीवन संपवले, आणि देशभरातून त्यांच्यावर संतापाची पत्रे आली. गांधीजींशी आपले मतभेद किती मूलभूत आहेत, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण त्या वेळचा एक आक्षेप आजही ऐकू येतो. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा तो आक्षेप. मला तो अपुरा वाटतो. घरच्या मांजराचे खाणे, दार, औषध, सुई हे सर्व आपल्याच हातात असते. सलाईन टोचून जीवन लांबवणे हाही आपलाच निर्णय असतो. तेव्हा लांबवलेल्या जीवनात जे दुःख येते त्याची जबाबदारी आपण कोणावर टाकणार?

म्हणून मी त्या मुलीला म्हणालो, "आईबाबांना एकच विचार: हे औषध कोणाचे दुःख कमी करते?" औषधाने मनी खाते, अंग चाटते, उन्हात जाऊन बसते, तर ते मनीसाठी आहे. पण रोज दोघांनी तिला चादरीत गुंडाळून जबड्यात गोळी कोंबायची, तिने फेस काढून ती टाकायची, आपली पावले ऐकताच पलंगाखाली दडायचे, आणि तरी वजन उतरतच जायचे, अशी स्थिती असेल तर औषध मांजराच्या पोटात जाते आणि समाधान आपल्याला मिळते. त्याला तथागतांच्या शिकवणीत तृष्णा म्हणतात, करुणा नव्हे.

बाबांनीही स्वतःला तपासावे. हाल मांजराचे होत आहेत, की लघवीच्या वासाचा आणि रात्रीच्या जागरणाचा आपल्याला कंटाळा आला आहे? विनयात रुग्णाची सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्यांत औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे यांच्याबरोबर मलमूत्र आणि वांतीची किळस न येणे हाही गुण आहे. किळस हे मरण देण्याचे कारण होऊ शकत नाही.

पण मुके जनावर सांगत नाही, मग कळावे कसे? मांजर वेदना लपवते. ते वेदनेतही घुरघुरते, म्हणून घुरघुर ऐकून निश्चिंत होऊ नये. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी 2004 मध्ये सात कसोट्या मांडल्या: वेदना व श्वास, खाणे, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत की नाहीत. प्रत्येकीला 0 ते 10 गुण. बेरीज 35 च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य, असे त्या मानतात. मी शिक्षक आहे, म्हणून एवढे जोडतो की श्वासासाठी तडफडणाऱ्या मांजराला इतर विषयांचे गुण देऊन पास करू नये. घरातल्या मुलांकडून दिनदर्शिकेवर रोज चांगला किंवा वाईट दिवस अशी खूण करून घ्यावी. पंधरा दिवसांनी ती पाने वादापेक्षा अधिक सांगतात.

पैशाचेही बोलले पाहिजे. मुलांची फी आणि आजीची साखरेची औषधे बाजूला सारून मांजरावर खर्च करावा, असे धम्म सांगत नाही. खर्चाला मर्यादा असणे हे पाप नव्हे. पण तीन गोष्टी गरिबीच्या नावाखाली करू नयेत. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये. एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. वेदनाशामक उपचार नाकारू नयेत. आणि पोत्यात घालून दूरच्या बाजारात सोडून येऊ नये. जनावराला उपाशी-तहानलेले मरायला सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हाताला रक्त लागले नाही म्हणून ती अहिंसा होत नाही. सदरपासून सेमिनरी हिल्स दूर नाही. तेथे 1958 मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी तज्ज्ञाला दाखवावे, मग ठरवावे.

सर्व उपाय थकले, वाईट दिवसच उरले आणि पशुवैद्यानेही तसे सांगितले, तर भूल देऊन वेदनारहित मृत्यू देणे यात मारण्याची इच्छा नाही, गरज आहे, असे माझे मत आहे. जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल अशा जनावराला मृत्यू देण्याची तरतूद वरील कायद्यातही आहे. पहिल्या शीलामुळे एखाद्या कुटुंबाचे मन याला तयार होत नसेल, तर त्यांचा आदर करावा. त्यांनी जबरदस्तीचे औषध थांबवावे, वेदना कमी करणारे तेवढे चालू ठेवावे, ऊबदार जागा द्यावी आणि शेवटपर्यंत जवळ बसावे. हाही करुणेचाच मार्ग आहे, फक्त तो अधिक जागरण मागतो.

निर्णय कोणताही होवो, मुलांपासून लपवू नये. मनी गावाला गेली, हरवली, असे खोटे सांगू नये. चौथे शील लहान मुलांशी बोलतानाही पाळायचे असते. काय झाले, का झाले, कोणी ठरवले हे त्यांना साध्या शब्दांत सांगावे, आणि खड्डा खणून माती देताना त्यांनाही बरोबर घ्यावे.