वीणा पुन्हा गळ्यात घेताना

मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस भेटला की आपण सहज विचारतो, "मग आता कामावर कधी?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पण कर्करोगाचे उपचार पुरे करून घरी आलेल्या माणसाच्या पोटात त्या प्रश्नाने गोळा येतो. उपचार चालू होते तेव्हा धीर देणारे पुष्कळ होते. आता डॉक्टर बरे झाल्याचे सांगतात, घरात पेढे वाटले जातात आणि नेमकी याच वेळी त्याची झोप उडते. मला पूर्वीसारखे झेपेल का? लोक माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? कामाला लागलो आणि दुखणे पुन्हा उलटले तर? तो माळकरी असेल तर आणखी एक चौथा प्रश्न त्याला आतून पोखरतो. पांडुरंगावर माझा भाव आहे ना, मग ही भीती का? माझी भक्तीच कच्ची म्हणायची का?

सज्जनहो, आज या चौथ्या प्रश्नाचा विचार करू. तो सुटला की आधीचे तीन बरेच हलके होतात.

अलिबागपासून मुरुड, श्रीवर्धनपर्यंतच्या आमच्या किनाऱ्याला परळची वाट जुनी आहे. तिथले टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आता त्याच संस्थेचे मोठे केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे किती रुग्ण आणि त्यांचे नातलग आसरा घेतात! बाबांनी आयुष्यभर कीर्तन केले आणि त्या कीर्तनातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. उपचारांच्या काळात पाठ टेकायला अशी जागा मिळते. पण उपचार संपल्यावर मनाने कुठे टेकायचे? ती धर्मशाळा आपल्याला आपल्या गावातच बांधावी लागते, आणि तिला विटा-सिमेंट लागत नाही.

आता भीतीकडे वळू. गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुन काही भित्रा नव्हता. तरी रणांगणावर त्याचे अवयव गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला आणि गांडीव हातातून निसटू लागले. जे काम जन्मभर केले, तेच काम समोर उभे असताना हे झाले. त्याच्या मोहाची कारणे वेगळी होती, हे खरे. पण त्या अध्यायाचे नाव पाहा. त्याला अर्जुनविषादयोग म्हणतात. विषादालाही तिथे योग हा शब्द जोडला आहे, कारण अर्जुनाने तो विषाद लपवला नाही, देवापुढे मांडला. देवाने कानउघाडणी केली, पण रथातून खाली उतरवले नाही, 'तू माझा भक्त नाहीस' असेही म्हटले नाही. पुढे अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून हाच अर्जुन पुन्हा घाबरला, तेव्हा देवाने आपले ओळखीचे सौम्य रूप धरून त्याला धीर दिला. तेव्हा भय वाटणे हा भक्तीचा अभाव नव्हे. भय कोणापुढे उघडे करावे, एवढेच भक्ती शिकवते.

शिवाय उपचारांनंतरच्या या भीतीला शरीराचाही आधार असतो. ती नुसती मनाची कल्पना नाही. औषधे थांबली तरी थकवा कित्येक महिने रेंगाळू शकतो, आणि तो रात्रभर झोपूनही जात नाही. काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. जाळे दुरुस्त करणाऱ्याला किंवा शिलाई मारणाऱ्याला ही केवढी अडचण! तोंडावर किरणोपचार झालेल्याची लाळ आटते, जबडा पुरता उघडत नाही, आणि शाळेत शिकवणाऱ्याला दोन तास बोलणे डोंगराएवढे वाटते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका राहतो. मासळीची जड पाटी रोज उचलणाऱ्या कोळणीने काय करावे? तिची भीती खोटी कशी म्हणायची? ती भीती तिला शरीराची खबर देते आहे.

यावर आपल्या संप्रदायात एक फार सुंदर रीत आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. रात्रंदिवस पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम चालू राहते. ज्याने वीणा दिली त्याला कोणी 'हरला' म्हणत नाही. त्याने पुन्हा घेतली तर 'आता तुला पूर्वीइतका वेळ उभे राहता येईल का' अशी परीक्षाही कोणी घेत नाही. कारण वीणा कोणा एकाची नसते. ती आपल्या गळ्यात असते तेव्हा आपण फक्त पहारेकरी असतो.

काम हेही असेच आहे. आपण म्हणतो, माझी नोकरी, माझी बोट, माझी वाडी. अंगात जोर असतो तोवर ते खपूनही जाते. मग दुखणे येते, काम सुटते आणि वाटते, कामच गेले तर मी कोण? उपचारांनंतरच्या काळजीचे मूळ मला इथे दिसते. अशक्तपणा औषधपाण्याने हळूहळू भरून येईल. पण 'मी पूर्वीइतके केले तरच माझी किंमत' हा समज कोणत्याही औषधाने जात नाही. तो विचारानेच काढावा लागतो. मीही आता सत्तरी ओलांडल्यावर कीर्तनाला उभा राहत नाही, टाळकऱ्यांच्या मागे बसून ऐकतो. नाम काही थांबलेले नाही.

संत गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तेरच्या या कुंभाराने आपले हात तोडून घेतले. चाकावर बसणाऱ्या माणसाचे हात गेले म्हणजे सर्वच गेले. परंपरा सांगते की त्या काळात पांडुरंग त्याच्या घरी राबला, मडकी घडत राहिली. पुढे पंढरपुरात नामदेवरायांच्या कीर्तनात सर्वांनी टाळी वाजवली, गोरोबांनीही थोटे हात वर केले आणि त्यांना हात फुटले. या कथेकडून चमत्काराची हमी मागू नये. शस्त्रक्रियेत गेलेला जबडा किंवा आवाज प्रत्येकाला परत मिळत नाही, आणि मिळाला नाही म्हणून त्याचा भाव उणा ठरत नाही. कथेतली मला मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. गोरोबांचे हात चाकापुढे एकट्याने झटताना परत आले नाहीत. ते संतांच्या मेळ्यात, टाळीसाठी वर केले तेव्हा आले. कामावर परतण्याआधी माणसाने माणसांत परतावे. चार लोकांत बसावे, भजनाला जावे, एक टाळी वाजवावी.

आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव हे शास्त्र वेगळ्या भाषेत जाणतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढून झाकून ठेवतात. त्या काळात फळ्या, इंजिन, जाळी यांची डागडुजी होते. वर ओढलेल्या होडीला कोणी निकामी म्हणत नाही. आणि बंदी उठली म्हणजे समुद्र शांत झाला असेही जाणता तांडेल मानत नाही. तो वारा पाहतो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो, आधी जवळच्या पाण्यात जाऊन येतो. डॉक्टरांचा कामावर जाण्याचा दाखला म्हणजे बंदी उठल्याचा हुकूम समजावा. समुद्राचा अंदाज ज्याचा त्याने घ्यायचा. सुरुवातीला अर्धा दिवस, हलके काम, मध्ये विसावा. दिंडीसुद्धा विसावे घेत घेतच पंढरीला पोचते. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप, जागरण यांच्याबरोबर कर्माच्या खटाटोपालाही माप सांगितले आहे, ते आपण बहुधा विसरतो. ज्याला पंढरी झेपत नाही तो कार्तिकात वरसोलीच्या विठोबाच्या यात्रेला जातो. त्याची वारी खोटी ठरते का?

अभिनेते शरद पोंक्षे कर्करोगाच्या उपचारांनंतर २०१९ साली 'हिमालयाची सावली' या नाटकातून रंगमंचावर परतले. त्या दुखण्याच्या अनुभवावर त्यांनी 'दुसरं वादळ' हे पुस्तकही लिहिले. अशी उदाहरणे धीर देतात. मात्र ती कोणाच्या डोक्यावर ओझे म्हणून ठेवू नयेत. प्रेक्षकाला पडदा वर गेलेला दिसतो, त्याआधीच्या तालमी दिसत नाहीत.

आता दोन शब्द आपल्या सर्वांसाठी, कारण परतणाऱ्याची अर्धी भीती आपण निर्माण करतो. काही भाविक मंडळी सहज बोलून जातात, 'पूर्वकर्माचे फळ, दुसरे काय!' माउली, प्रारब्ध हा शब्द आपले स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याला मारण्याचा धोंडा नव्हे. तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कर्करोग होतो हे उघड आहे. ज्याला ते व्यसन आहे त्याने आजच सोडावे. पण जो ते भोगून उठला आहे त्याला बाजारात उभे करून उपदेश करू नये. हा रोग स्पर्शाने लागत नाही, म्हणून त्याचा पेला वेगळा ठेवू नये. आणि 'अगदी बरा झालास ना?' असे दहादा विचारण्यापेक्षा 'आज तुझी पाटी मी उचलते' असे म्हणणे जास्त उपयोगी.

रोहे-नागोठण्याच्या कारखान्यांत ज्याला कर्मचारी राज्य विमा लागू असेल, त्याने चौकशी करावी. कर्करोग त्या योजनेतील दीर्घ आजारांच्या यादीत आहे, आणि अटी पूर्ण झाल्यास वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. पोटाची घाई नसेल तर परतणे बेताने होते. पण बाजारात बसणाऱ्या कोळणीला किंवा वाडीत रोजावर जाणाऱ्याला असा आधार नाही. तिची बाजारातली जागा दुसऱ्या कोणी बळकावू न देणे, आठवड्यातले दोन दिवस शेजारणीने तिचा माल विकणे, हा आपला पहारा आहे. वीणा फक्त सप्ताहाच्या मंडपातच हातोहात द्यायची असते असे नाही.

आणि जो परत निघाला आहे त्याला एवढेच सांगेन. ठरलेल्या तपासण्या चुकवू नका. अंगारा जरूर लावा, पण गोळीच्या जागी नको. एकादशी डॉक्टरांना विचारून करा. तपासणीला जाणे आपल्या हातात आहे, अहवालात काय येईल ते नाही. कर्माचा अधिकार आणि फळाची सत्ता यांतला भेद गीतेत वाचला होता, तो आता रांगेत बसून अनुभवायचा आहे. त्या रांगेत भीती वाटली तर वाटू द्या. ती पांडुरंगाला सांगा, घरच्यांना सांगा, कामावरच्या एखाद्या भल्या माणसाला सांगा. मग पहिल्या दिवशी थोडाच वेळ उभे राहा. दमलात तर शेजारच्याच्या गळ्यात वीणा घाला, पाया पडा आणि बसा. पुढचा पहारा पुन्हा तुमचा आहेच.

रामकृष्ण हरी.